कपाटाच्या दारापलीकडचा सिंह

२३ ऑगस्ट १९०८. आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या कडेला असलेल्या 'लिटल ली' नावाच्या ऐसपैस घरात फ्लोरा लुईस यांची कर्करोगाशी चाललेली झुंज संपली. त्यांचे पती आल्बर्ट यांचा तो पंचेचाळिसावा वाढदिवस होता. धाकटा मुलगा जॅक त्या वेळी नऊ वर्षांचा होता. आई बरी व्हावी म्हणून त्याने मनोभावे प्रार्थना केली होती. ती गेल्यावरही काहीतरी चमत्कार घडेल, अशी आशा त्याने लगेच सोडली नव्हती. चमत्कार घडला नाही. आई ज्या खोलीत गेली, त्या खोलीच्या भिंतीवर शेक्सपिअरच्या वचनांची दिनदर्शिका टांगलेली होती. त्या दिवसाच्या पानावर 'किंग लिअर' नाटकातील मरणाविषयीची एक ओळ होती. आल्बर्ट यांनी ते पान फाडून जन्मभर जपून ठेवले.

हाच जॅक पुढे क्लाइव्ह स्टेपल्स लुईस, अर्थात सी. एस. लुईस या नावाने जगाला परिचित झाला. १९५० ते १९५६ या सात वर्षांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया' या सात बालकादंबऱ्यांच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. २००५ मध्ये डिस्नेने पहिल्या कादंबरीवर भव्य चित्रपट काढला आणि अस्लान हा सिंह आपल्याकडील मुलांच्याही ओळखीचा झाला. मात्र, या कादंबऱ्यांभोवतीचा एक वाद जुनाच आहे. हा सिंह म्हणजे येशू ख्रिस्तच, असे अभ्यासक सांगतात. मग ही परीकथा आहे की परीकथेच्या वेष्टनात गुंडाळलेले धर्मप्रवचन, असा प्रश्न अनेक वाचकांना पडतो. त्याचे उत्तर धर्मग्रंथात शोधण्याआधी लेखकाच्या आयुष्यात शोधावे लागते. आणि त्या शोधाची सुरुवात 'लिटल ली'मधील त्या खोलीपासूनच होते.

आईविना घर

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी बेलफास्टमध्ये झाला. वडील वकील, तर आई एका धर्मगुरूची मुलगी आणि गणिताची पदवीधर. चार-एक वर्षांचा असताना या मुलाने आपले नाव जॅक्सी असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या कोणत्याही नावाला ओ देणे बंद केले. त्याचेच पुढे 'जॅक' झाले आणि ते अखेरपर्यंत टिकले. तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉर्नी हा त्याचा जिवाभावाचा सोबती. पावसाळी हवेमुळे घरात कोंडलेली ही दोन मुले पोटमाळ्यावर बसून बोलणाऱ्या प्राण्यांच्या राज्याचा इतिहास लिहीत. घरात आजोबांनी स्वतः तयार केलेले ओकच्या लाकडाचे एक नक्षीदार कपाट होते. त्या कपाटात बसून भावंडे जॅकच्या गोष्टी ऐकत, अशी आठवण कुटुंबात सांगितली जात असे.

आईच्या मृत्यूने हे सुख एकाएकी संपले. काही आठवड्यांतच जॅकची रवानगी इंग्लंडमधील एका निवासी शाळेत झाली. तेथील मुख्याध्यापक मुलांना निर्दयपणे मारी. पुढे त्याला वेडाच्या भरात आयुष्य कंठावे लागले. पत्नीच्या दुःखाने खचलेले आल्बर्ट मुलांपासून दुरावत गेले. पौगंडावस्थेत जॅकने देवावरील श्रद्धा सोडून दिली. १९१४ मध्ये सरे परगण्यातील विल्यम कर्कपॅट्रिक या काटेकोर तर्कनिष्ठ शिक्षकाकडे तो शिकू लागला. पुराव्याशिवाय एकही विधान करायचे नाही, ही शिस्त त्याला येथे लागली. कर्कपॅट्रिक स्वतः नास्तिक होते. त्यांच्या सहवासात विद्यार्थ्याच्या नास्तिकतेला युक्तिवादाची धार आली.

त्याच काळात, सोळाव्या वर्षी, त्याच्या मनात एक चित्र उमटले. बर्फाने झाकलेल्या जंगलातून कमरेखाली बोकडासारखे शरीर असलेला फॉन हा वनदेव हातात छत्री आणि काही पुडकी घेऊन चालला आहे, असे ते चित्र होते. त्याला ना कथा होती, ना अर्थ. तो अर्थ लागायला पुढे तीन तपे जावी लागली.

नास्तिक सैनिक, आस्तिक प्राध्यापक

पहिल्या महायुद्धात लुईस सैन्यात दाखल झाले आणि आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी फ्रान्समधील आघाडीवर पोहोचले. एप्रिल १९१८ मध्ये आपल्याच बाजूचा एक तोफगोळा अलीकडे पडून ते जखमी झाले; शेजारी उभा असलेला सार्जंट जागीच ठार झाला. पॅडी मूर हा मित्रही त्या वर्षी मारला गेला. त्याला दिलेल्या शब्दाखातर लुईस यांनी त्याच्या आईचा सांभाळ १९५१ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत केला. १९१९ मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. निष्ठुर सृष्टीविरुद्धची चीड त्यात ओतप्रोत भरली होती. त्यासाठी त्यांनी क्लाइव्ह हॅमिल्टन हे टोपणनाव घेतले होते. हॅमिल्टन हे आईचे माहेरचे आडनाव.

१९२५ मध्ये ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात ते इंग्रजीचे अध्यापक झाले. तेथे त्यांची जे. आर. आर. टॉल्किन यांच्याशी मैत्री जमली. १९२९-३० च्या सुमारास लुईस यांनी ईश्वराचे अस्तित्व नाइलाजाने मान्य केले. पण ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत पोहोचायला आणखी काही काळ लागला. या प्रवासात त्यांनी हिंदू धर्माचाही गांभीर्याने विचार केला होता. अखेरीस आपल्यापुढे हिंदू आणि ख्रिस्ती असे दोनच पर्याय उरले, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. ते आत्मचरित्र १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते बीड ग्रिफिथ्स या माजी विद्यार्थ्याला अर्पण केलेले आहे. हेच ग्रिफिथ्स त्याच वर्षी भारतात आले आणि पुढे तमिळनाडूतील शांतिवनम् आश्रमात भगवी वस्त्रे नेसून ख्रिस्ती संन्याशाचे जीवन जगले.

१९ सप्टेंबर १९३१ ची रात्र निर्णायक ठरली. लुईस, टॉल्किन आणि ह्यूगो डायसन हे तिघे मित्र कॉलेजच्या आवारातील ॲडिसन्स वॉक या पायवाटेवर उशिरापर्यंत बोलत फिरत होते. मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या देवांच्या पुराणकथा लुईस यांना हेलावून टाकत; पण त्यांवर विश्वास ठेवणे त्यांच्या बुद्धीला पटत नसे. ख्रिस्ताची कथाही तशीच पुराणकथा आहे, फक्त ती इतिहासात प्रत्यक्ष घडली, असा मुद्दा मित्रांनी मांडला. थोड्याच दिवसांनी वॉर्नीच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून लुईस व्हिप्सनेड येथील प्राणिसंग्रहालय पाहायला निघाले. निघताना ते येशूला देवपुत्र मानत नव्हते. पोहोचले तेव्हा मानत होते.

लुईस यांच्या लेखनाची गुरुकिल्ली या घटनेत आहे. त्यांना श्रद्धेकडे आणले ते एखाद्या प्रवचनाने नव्हे, तर कथेच्या ओढीने. पुढे त्यांनीही तीच वाट दुसऱ्यांसाठी खुली केली.

दगडी मेज दुभंगते तेव्हा

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनमधील मुलांना खेड्यापाड्यांत हलवण्यात आले. त्यांपैकी काही मुली ऑक्सफर्डजवळच्या 'द किल्न्स' या लुईस यांच्या घरी राहायला आल्या. शहरातून पाठवलेली चार भावंडे एका वृद्ध प्राध्यापकाच्या घरी येतात, ही कथेची सुरुवात तेव्हा सुचली. मात्र लेखन रखडले. मधल्या काळात बीबीसीवरील भाषणांनी लुईस घराघरांत पोहोचले आणि ख्रिस्ती धर्माचे भाष्यकार म्हणून त्यांचे नाव झाले. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनी ती कथा पुन्हा हाती घेतली. त्या दिवसांत त्यांना सिंहांची स्वप्ने पडत होती. तो सिंह कथेत शिरला आणि साऱ्या कथेला त्याने आपल्याकडे ओढून घेतले. त्याला दिलेले अस्लान हे नाव म्हणजे 'सिंह' या अर्थाचा तुर्की शब्द. बायबलमध्येही ख्रिस्ताला यहूदा वंशाचा सिंह म्हटले आहे.

१६ ऑक्टोबर १९५० रोजी 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पीटर, सुझन, एडमंड आणि ल्युसी ही भावंडे एका कपाटातून नार्निया या जादूच्या देशात शिरतात. गोऱ्या चेटकिणीने तेथे कायमचा हिवाळा लादलेला असतो; नाताळ मात्र कधीच येत नाही. मिठाईच्या मोहाने एडमंड भावंडांशी द्रोह करतो. नार्नियाच्या प्राचीन नियमानुसार द्रोह्याचे प्राण चेटकिणीच्या हक्काचे असतात. अस्लान तो नियम नाकारत नाही. एडमंडऐवजी तो स्वतः मरण पत्करतो.

ख्रिस्ती परंपरा माहीत असलेल्या वाचकाला यानंतरचे प्रत्येक पाऊल ओळखीचे वाटते. मरणाआधीच्या रात्री अस्लान खिन्न मनाने चालतो आणि सुझन व ल्युसीची सोबत मागतो. येशूनेही गेथशेमाने बागेत शिष्यांना जागे राहण्याची विनवणी केली होती. त्याची आयाळ कापली जाते, थट्टा होते आणि तो प्रतिकार न करता दगडी मेजावर मारला जातो. पहाटे त्याच दोन मुली त्याला जिवंत पाहतात. शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी प्रथम स्त्रियाच पोहोचतात. येशूच्या मृत्यूसमयी यरुशलेमच्या मंदिरातील पडदा फाटला, असे बायबल सांगते. येथे प्राचीन कायद्याची अक्षरे कोरलेले दगडी मेज दुभंगते. निरपराध्याने अपराध्यासाठी स्वेच्छेने मरण पत्करले, तर मृत्यूच उलट फिरतो, असा त्यामागचा अधिक खोल नियम आहे. पुढे अस्लान दगड झालेल्या प्राण्यांवर फुंकर घालतो आणि ते जिवंत होतात. ही फुंकर पवित्र आत्म्याचे प्रतीक मानली जाते.

पुढील पुस्तकांतही हे धागे आहेत. समुद्रसफरीच्या कथेत युस्टेस हा स्वार्थी मुलगा ड्रॅगन होतो. ती कातडी त्याला स्वतःला सोलता येत नाही. अस्लान ती नखांनी सोलून त्याला पाण्यात टाकतो. येथे बाप्तिस्म्याची आठवण होते. त्याच सफरीच्या शेवटी एक पांढरे कोकरू मुलांना मासे खाऊ घालते आणि पाहता पाहता सिंह होते. कोकरू हे ख्रिस्ताचेच प्रतीक. आपल्या जगात मला दुसऱ्या नावाने ओळखायला शिका, असे अस्लान मुलांना सुचवतो. ते नाव कोणते, हे मात्र सांगत नाही. सृष्टीची उत्पत्ती 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये, तर जगाचा अंत आणि सिंहाचे कातडे पांघरलेल्या गाढवाच्या रूपातील खोटा अस्लान 'द लास्ट बॅटल'मध्ये येतो.

रूपक नव्हे, कल्पना

या साऱ्याला रूपककथा म्हटलेले लुईस यांना मान्य नव्हते. मध्ययुगीन रूपककाव्यावर १९३६ मध्ये त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. त्यामुळे हा शब्द ते जपून वापरत. रूपकात एखाद्या अमूर्त भावनेला देह दिला जातो, म्हणजे निराशेला राक्षस केले जाते. अस्लान तसा नाही. बोलक्या प्राण्यांचे एखादे जग खरोखरच असते आणि आपल्या जगात माणूस झालेला देवपुत्र तेथे सिंह होऊन आला असता, तर काय घडले असते, ही कल्पना त्यांनी ताणून पाहिली. लहानपणी चर्चमध्ये देवाबद्दल अमुकच वाटले पाहिजे, असे बजावले गेल्यामुळे आपल्याला काहीच वाटेनासे झाले, ही त्यांची व्यथा होती. तोच आशय परीकथेतून आला, तर मनावर पहारा देणारे ते दडपण चुकवता येईल, असे त्यांना वाटे.

हीच गोष्ट टीकाकारांना खटकते. टॉल्किन यांना तर ही पुस्तके आवडलीच नाहीत. ग्रीक वनदेव, बोलके प्राणी आणि नाताळबाबा यांची एकाच कथेत केलेली सरमिसळ त्यांना घाईची वाटली. कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी १९९८ मध्ये या मालिकेवर कडाडून हल्ला चढवला. शेवटच्या पुस्तकात लिपस्टिक आणि मेजवान्यांत रमलेली सुझन नार्नियाला मुकते, हे अनेकांना अन्यायाचे वाटते. सावळ्या वर्णाच्या, पगडीधारी कॅलॉरमेन लोकांचे चित्रण तर आशियाई वाचकाला आज निश्चितच बोचते, आणि ते बोचावे असेच आहे.

तथापि, त्याच पुस्तकात एमेथ नावाचा कॅलॉरमेन सैनिक आहे. त्याचे नाव हिब्रू भाषेतील सत्य या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. जन्मभर त्याने टॅश या दुसऱ्याच देवाची निष्ठेने उपासना केलेली असते. अस्लानसमोर आल्यावर आता आपला अंत, असे त्याला वाटते. पण अस्लान त्याला जवळ घेतो. शुद्ध मनाने केलेली सेवा कोणाच्याही नावाने झाली, तरी ती आपल्यालाच पोहोचली, असे सांगतो. या प्रसंगावर काही कट्टर ख्रिस्ती वाचक आजही नाराज आहेत. केवळ धर्मप्रचारासाठी लिहिणाऱ्याने हा प्रसंग लिहिला नसता.

आईसाठी आणलेले सफरचंद

प्रतीकांच्या यादीत सहसा न येणारे, पण कदाचित सर्वांत मोलाचे प्रतीक १९५५ च्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये आहे. डिगरी या मुलाची आई मरणपंथाला लागली आहे. अस्लान त्याला दूरच्या बागेतील एक सफरचंद आणायला पाठवतो. हे फळ चोरून आईला दे, ती वाचेल, असा मोह चेटकीण त्याला घालते. बायबलमधील एदेन बागेचाच हा प्रसंग. मात्र हा मुलगा मोह टाळतो आणि रिकाम्या हाताने परत जायची तयारी ठेवतो. त्याआधी एकदा धीर करून तो अस्लानच्या चेहऱ्याकडे पाहतो, तेव्हा त्याला दिसते की, आपल्या आईसाठी त्या सिंहाचे डोळे आपल्याहूनही अधिक भरून आले आहेत. शेवटी अस्लान स्वतःच त्याला एक सफरचंद देतो आणि आई बरी होते. त्या फळाच्या बियांतून एक झाड वाढते. पुढे वादळात ते कोसळते, तेव्हा प्रौढ झालेला डिगरी त्याच्या लाकडाचे एक कपाट बनवून घेतो. पहिल्या पुस्तकातील वृद्ध प्राध्यापक म्हणजे हाच डिगरी आणि ल्युसी ज्यातून नार्नियात शिरते, ते कपाट हेच.

नऊ वर्षांच्या जॅकला जे मिळाले नाही, ते छप्पन्न वर्षांच्या लुईस यांनी डिगरीला दिले. नार्नियाचे प्रवेशद्वारच आईला वाचवणाऱ्या फळाच्या लाकडाचे आहे, हा केवळ योगायोग मानता येत नाही. आजोबांच्या हातचे ते खरेखुरे कपाट बेलफास्टहून 'द किल्न्स'मध्ये आले होते. आज ते अमेरिकेतील व्हीटन कॉलेजमध्ये जतन केलेले आहे.

अखेरची परीक्षा

सफरचंदाची गोष्ट लिहून झाली आणि आयुष्याने लुईस यांची परीक्षा घेतली. जॉय डेव्हिडमन ही अमेरिकी कवयित्री ज्यू कुटुंबात जन्मलेली, एके काळची कम्युनिस्ट आणि नंतर ख्रिस्ती झालेली. पत्रमैत्रीतून १९५२ मध्ये दोघांची भेट झाली. तिला दोन मुलांसह इंग्लंडमध्ये राहता यावे म्हणून एप्रिल १९५६ मध्ये दोघांनी नोंदणी विवाह केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉय यांच्या हाडांत पसरलेला कर्करोग उघडकीस आला. मार्च १९५७ मध्ये रुग्णालयातील खाटेपाशी एका धर्मगुरूने त्यांचा धार्मिक विवाह लावला आणि जॉय यांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. डॉक्टरांनी आशा सोडलेल्या जॉय चालू-फिरू लागल्या. सफरचंद या वेळी मिळाले, असेच वाटावे, असे ते दिवस होते. एप्रिल १९६० मध्ये दोघे ग्रीसलाही जाऊन आले. १३ जुलै १९६० रोजी जॉय यांचे निधन झाले.

आता लुईस पुन्हा त्या जुन्या खोलीत उभे होते. रेडिओवरून लाखोंना श्रद्धेची उत्तरे देणाऱ्या या माणसाने आपली तडफड वह्यांत उतरवली. सर्वाधिक गरज असतानाच ईश्वराने मौन का धरले, हा प्रश्न त्यांनी त्यात न घाबरता विचारला. 'अ ग्रीफ ऑब्झर्व्हड' हे ते छोटेखानी पुस्तक १९६१ मध्ये एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने निघाले. लेखक कोण हे ठाऊक नसलेल्या काही परिचितांनी ते सांत्वनासाठी लुईस यांच्याच हाती ठेवले, असे सांगतात. पुस्तकाचा शेवट बंडखोरीने होत नाही, तसा विजयाच्या घोषणेनेही होत नाही. श्रद्धा उरते, पण तिच्यावर व्रण असतात. दगडी मेजावर मरणारा सिंह रंगवणाऱ्या लेखकाने मृत्यूचे दुःख कथेतही कधी लपवले नव्हते. अस्लानच्या पुनरुत्थानाआधी दोन मुली रात्रभर रडतात, हे तो विसरला नव्हता.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी, पासष्टाव्या वाढदिवसाला एक आठवडा उरला असताना, लुईस यांनी 'द किल्न्स'मध्ये अखेरचा श्वास घेतला. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाल्याने त्यांच्या मृत्यूची बातमी झाकोळून गेली. बरोबर पन्नास वर्षांनी, २०१३ मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतील कविकोपऱ्यात त्यांची स्मृतिशिला बसवण्यात आली.

त्यांची समाधी मात्र ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन क्वॉरी येथील होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात आहे. थडग्यावर कोणती ओळ कोरायची, हे वॉर्नीने ठरवले. ना बायबलमधील वचन, ना नार्नियातील वाक्य. १९०८ मध्ये आई गेली, त्या दिवशी दिनदर्शिकेच्या पानावर असलेली 'किंग लिअर'मधील तीच ओळ त्याने धाकट्या भावाच्या थडग्यावर कोरून घेतली. पुढे १९७३ मध्ये वॉर्नीलाही त्याच दगडाखाली विसावा मिळाला.